डबल पेडलवरून जॅझकडे: ठाणे-नवी मुंबईतल्या मेटलवाल्यांसाठी वाटाड्या

जॅझ कुठून ऐकायला घेऊ, असं कुणालाही विचारलं की हमखास एकच उत्तर येतं: माइल्स डेव्हिसचा १९५९ सालचा 'काइंड ऑफ ब्लू'. अल्बम थोर आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ज्याचे कान कॉलेजपासून स्लेयर आणि लँब ऑफ गॉडवर पोसलेत त्याला हा लावून द्या, तिसऱ्या मिनिटाला तो मोबाइल चाळायला लागतो. गिटार नाही, कुणी ओरडत नाही, ड्रमर तर झोपेतून उठल्यासारखा वाजवतोय. "छान आहे, जेवताना लावायला बरं," असा शेरा मारून गडी परत आपल्या प्लेलिस्टवर, आणि जॅझचा विषय पुढची काही वर्षं बंद.

हा लेख त्या गड्यासाठी आहे. तो कळव्याला राहत असो, ऐरोलीला, खारघरला नाहीतर घोडबंदर रोडच्या पार टोकाला. माझं म्हणणं थोडक्यात असं: 'जॅझ' नावाचा प्रकार शोधत बसू नका, माणसं शोधा. तुमच्या आवडत्या मेटल अल्बमवर ड्रम कुणी वाजवलेत आणि बेस कुणाचा आहे ते वाचा, आणि त्या माणसाचा माग काढत मागे मागे जा. तीन-चार उड्यांत तुम्ही आपोआप जॅझमध्ये उतरलेले असता, आणि उतरताना कंटाळा आलेला नसतो.

पहिली पायरी: फोन सरळ करा

शफल बंद करा. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर आणा, गॅपलेस (मध्ये खंड न पडणं) चालू ठेवा. इक्वलायझरमधलं बास बूस्टही काढून टाका. मेटल ऐकताना ते खपून जातं, पण इथे बेस गिटार स्वतःची वेगळी चाल वाजवत असते. बूस्टमुळे किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, फुगतो आणि ती चाल त्याखाली दबून जाते.

अल्बम पूर्ण ऐकायचे. ट्रान्स हार्बरवाल्यांना हे सोपं आहे. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशीपर्यंत साधारण अर्धा तास, पनवेलपर्यंत पाऊण तासाच्या वर, आणि या वाटेवरचे बरेचसे महत्त्वाचे अल्बम तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे आहेत. एक अडचण मात्र लक्षात ठेवा. लोकलची घरघर खालच्या पट्टीतले आवाज गिळते, म्हणजे नेमका बेसच जातो. त्यामुळे कानात घट्ट बसणारे इअरफोन हवेत, आणि पहिली ऐकणी गाडीत झाली तरी दुसरी रात्री घरी, पंखा बारीक करून. डब्यात स्पीकरवर लावू नका. ती मुभा फक्त भजनी मंडळाला.

दुसरी पायरी: घरच्याच कपाटातून सुरुवात

डेथ हा बँड तुम्ही ऐकला असेलच. १९९१ सालचा 'ह्यूमन' काढा. चक शुल्डिनरने या अल्बमसाठी मायामीच्या सिनिक नावाच्या बँडमधली दोन पोरं घेतली होती: गिटारवर पॉल मास्विडाल आणि ड्रमवर शॉन राइनर्ट. बेस स्टीव्ह डिजॉर्जिओचा. एकदा सरळ ऐकून घ्या. मग दुसऱ्या वेळी फक्त राइनर्टकडे लक्ष द्या, तेही पायांकडे नाही. डबल पेडल, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेला किक ड्रम, सगळ्यांनाच ऐकू येतं. उजव्या हाताची राइड सिंबल ऐका. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) तोच राहतो, पण वरची झांज दर वेळी थोडी वेगळी पडते, मध्येच एखादा ठोका गाळते, एखादा उगाच घालते. ही सवय जॅझची आहे. 'कॉस्मिक सी' हा शब्दांविना ट्रॅक त्यासाठी सगळ्यात सोयीचा.

'ह्यूमन'च्या मूळ मिक्समध्ये बेस जवळजवळ गाडलेला आहे. २०११ सालचं रीमिक्स मिळालं तर ते ऐका, डिजॉर्जिओ तिथे बाहेर येतो. आणि फ्रेटलेस बेस म्हणजे काय हे एकदाच नीट कळून घ्यायचं असेल तर त्याच बँडचा १९९३ सालचा 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' आहेच. फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या, नसल्याने सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत जातात. आपल्याकडे मींड ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता त्या मायामीच्या पोरांच्या घरी जा. सिनिकचा 'फोकस' १९९३ साली आला. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने त्यांची रिहर्सलची जागा उद्ध्वस्त केली, त्यात ध्वनिमुद्रण लांबलं. अल्बम छत्तीस मिनिटांचा, म्हणजे कोपरखैरणेवाल्यांना येता-जाता एकदा, पनवेलवाल्यांना एका फेरीत आरामात. यंत्रातून काढलेला रोबोटसारखा आवाज आणि त्याच्या मागे ग्रोल, म्हणजे घशातली गुरगुर, हे पहिल्यांदा विचित्र वाटेल. वाटू द्या. 'टेक्श्चर्स' हा ट्रॅक लावा: गाणं नाही, डिस्टॉर्शन बेताचं, शॉन मलोनची बेस पुढे. ग्रोल काढून घेतल्यावर उरतं ते चक्क फ्यूजन, म्हणजे जॅझ-रॉकची सरमिसळ, आहे, आणि तुम्ही ते डेथ मेटलचा अल्बम म्हणून ऐकत होतात. राइनर्ट आणि मलोन दोघेही २०२० साली गेले, जानेवारीत एक आणि डिसेंबरात दुसरा.

फ्लोरिडाचाच एथीस्ट, १९९१ चा 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स', तोही याच आठवड्यात उरका. थ्रॅश आवडणाऱ्यांना तो सिनिकपेक्षा लवकर पटतो.

तिसरी पायरी: मोजायला शिका, पण वहीत नाही

मेटलवाला माणूस विषम मात्रांना घाबरत नाही. पण तो त्या मोजत नाही, नुसती मान हलवतो. इथून पुढे थोडं मोजता आलं तर मजा दुप्पट होते, आणि त्यासाठी पाश्चात्त्य नोटेशन यायची गरज नाही. रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन. झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन. हे बोटांवर आलं की पुरे. येत नसेल तर ठाणे महापालिकेच्या पंडित राम मराठे स्मृती संगीत महोत्सवात एक संध्याकाळ जाऊन बसा आणि गायकाकडे न बघता तबलजीकडे बघा. गंमत नाही करत. मेशुगा हा मेटल बँड कळायला मला तबल्याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही व्हिडिओचा झाला नाही.

कारण मेशुगात होतं ते असं: झांज आणि स्नेअर चारचाच हिशोब धरून असतात, गिटारचा रिफ मात्र विषम लांबीचा असतो. तो पुन्हा पुन्हा वाजताना चारच्या चौकटीवरून सरकत जातो, ठरलेल्या आवर्तनांनंतर दोघं एकाच ठोक्यावर येतात आणि तिथे सगळ्या गर्दीची मान एकदम खाली जाते. तिहाई समेवर पडते तेव्हा सभागृहातून निघणारा 'वाह' त्याच जातीचा.

सरावासाठी दोन गोष्टी. डेव्ह ब्रूबेक क्वार्टेटचं 'टेक फाइव्ह', १९५९ चं, पाच मात्रा, तीन आणि दोन. हे सोपं, एका ऐकण्यात जमतं. दुसरी अवघड आणि जास्त आपली: किंग क्रिमसन या रॉक बँडच्या १९७४ सालच्या 'रेड' अल्बममधलं शेवटचं गाणं, 'स्टारलेस'. बारा मिनिटांच्या वर आहे. सुरुवातीला संथ, उदास गाणं. साडेचार मिनिटांच्या आसपास शब्द संपतात आणि जॉन वेटनचा बेस तेरा मात्रांचा एक जड तुकडा सुरू करतो. रॉबर्ट फ्रिप त्यावर गिटारचा एकच सूर छेडत राहतो. खरंच एकच. तोच सूर दोन तारांवर आलटून-पालटून, मग किंचित वर, मग आणखी किंचित वर. बिल ब्रुफर्ड सुरुवातीला ड्रमसेट वाजवतच नाही, नुसती इकडेतिकडे लाकडी टकटक करतो. चार मिनिटांहून जास्त वेळ हे ताणत नेतात. मग नवव्या मिनिटाच्या सुमारास सगळं फुटतं, वेग दुप्पट होतो आणि सॅक्सोफोन आत घुसतो. हा सॅक्सोफोन ऐकून अंगावर काटा आला तर सॅक्सोफोनबद्दलचा तुमचा आकस तिथेच संपला असं समजा. नाही आला तर पुढच्या महिन्यात परत ऐका.

चौथी पायरी: सत्तरच्या दशकात उडी

आता ड्रमरचा माग काढत मागे चला. बिली कोबहॅम, जन्म पनामाचा, दोन बेस ड्रम घेऊन वाजवणारा माणूस. त्याच्या १९७३ सालच्या 'स्पेक्ट्रम' अल्बमचा पहिला ट्रॅक 'क्वाड्रंट ४'. तारीख न सांगता एखाद्या मेटल ड्रमरला ऐकवा. पायांचा तो सलग गडगडाट ऐकून तो वीस वर्षं पुढचा काळ सांगेल. गिटारवर टॉमी बोलिन आहे, जो नंतर डीप पर्पलमध्ये गेला. आणि गिटार म्हणून जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं यान हॅमरचं सिंथ आहे. कुठलं कुठे संपतं ते ओळखायचा प्रयत्न करा.

कोबहॅम आणि हॅमर दोघेही महाविष्णू ऑर्केस्ट्रातले. नाव भक्तिगीतांच्या कॅसेटसारखं असलं तरी आतला मामला भयंकर आहे. जॉन मॅक्लॉफ्लिन हा इंग्रज गिटारवाला, श्री चिन्मय यांचा शिष्य, 'महाविष्णू' हे नाव त्यांनीच दिलेलं. १९७१ चा 'द इनर माउंटिंग फ्लेम' घ्या. 'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन'ने सुरू करा, तो सरळ ड्रमवरच उघडतो. मग 'द डान्स ऑफ माया': दहाच्या हिशोबात फिरणारी वाकडी, काळवंडलेली गिटार, आणि थोड्या वेळाने त्याच वाकड्या चौकटीत चक्क ब्लूज चालू होतो. यात व्हायोलिनही आहे. आवाज इतका मोठा आहे की व्हायोलिन आहे हे काही जणांच्या लवकर लक्षात येत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मेटलमध्ये सोलो हा गाण्याचा एक तुकडा असतो, बहुतेक वेळा आधी बसवलेला. जॅझमध्ये सुरुवातीची धून वाजते, मग त्याच कॉर्डच्या चौकटीवर एकेक जण आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो, शेवटी धून परत येते. म्हणून "सोलो फार लांबला" ही तक्रार इथे लागू होत नाही. लांबलेला तो भाग हाच मुख्य कार्यक्रम आहे. ख्यालाची बंदिश दोन ओळींची असते आणि मैफल तासाची, त्याबद्दल आपण कुठे कुरकुर करतो?

ज्याचा त्याचा फाटा

सगळ्यांनी एकाच क्रमाने जावं असं नाही. ब्लॅक मेटलवाल्यांनी एम्पररच्या इसानचा २०१० चा 'आफ्टर' ऐकावा. त्यावर यॉर्गन मुंकेबीचा सॅक्सोफोन आहे. त्याच साली मुंकेबीच्या शायनिंग या नॉर्वेजियन बँडचा 'ब्लॅकजॅझ' आला. त्याच्या शेवटी किंग क्रिमसनच्या १९६९ सालच्या 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'ची आवृत्ती आहे, ती ऐकून लगेच मूळ ऐका. मूळ गाण्याच्या मध्यावर अख्खा बँड एकसाथ धावतो आणि एकसाथ थबकतो. १९६९ मध्ये. क्लिक ट्रॅकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यांवर) वाढलेल्या आपल्या पिढीने ते जरा उभं राहून ऐकावं.

ओपेथवाल्यांना 'हेरिटेज' हा ग्रोल नसलेला अल्बम आधीच माहीत असेल आणि निम्म्यांना तो आवडत नसेल. त्यांनी वरचा 'रेड' आधी पचवून मग 'हेरिटेज'कडे परत यावं. ग्राइंडकोअरवाल्यांसाठी पेनकिलर आहे: नेपाम डेथचा ड्रमर मिक हॅरिस, बेसवर बिल लॅसवेल आणि सॅक्सोफोनवर जॉन झोर्न. घरात माणसं असताना लावू नये. फ्रान्सच्या मॅग्माने स्वतःसाठी एक अख्खी भाषा बनवली आणि तिच्यात गातात. त्यांचा १९७३ चा अल्बम ऐकताना तुम्हाला एकतर वेड लागतं किंवा हसू येतं, मधलं काही होत नाही. अ‍ॅनिमल्स अ‍ॅज लीडर्स तुम्ही ऐकत असालच, त्यामुळे तो फाटा सोडून देतो.

पाचवी पायरी: होल्ड्सवर्थ आणि परत माइल्सकडे

मेशुगाचा फ्रेड्रिक थोर्डेनडाल सोलो वाजवतो तेव्हा ते सूर गिटारचे वाटतच नाहीत. एखादा प्राणी घसरत चाललाय असं वाटतं. त्याचा १९९७ चा 'सोल नायजर विदिन' म्हणजे बारीक बारीक ट्रॅकमध्ये कापलेलं एकच सलग काम आहे. शफल बंद करा म्हटलं ते यासाठी. मॉर्गन ओग्रेनचे ड्रम, आणि पुढे सॅक्सोफोनही.

ती घसरण कुठून आली याचा शोध घेतलात तर अ‍ॅलन होल्ड्सवर्थपाशी पोचता. यॉर्कशरचा हा माणूस २०१७ साली गेला. त्याला मुळात फुंकून वाजवायचं वाद्य हवं होतं, हातात पडली गिटार, मग त्याने गिटारच तशी वाजवली: प्रत्येक सुरावर तार छेडायची नाही, डाव्या हातानेच सूर एकमेकांत ओतायचे. १९८५ चा 'मेटल फटीग' घ्या. नावात मेटल आहे म्हणून जड रिफची अपेक्षा ठेवू नका. आवाज ऐंशीच्या दशकातला गुळगुळीत आहे आणि त्यावर गाणंही आहे. 'डेव्हिल टेक द हाइंडमोस्ट'पासून सुरू करा. गिटार वाजवत असाल तर त्यानंतर दोन दिवस गिटारला हात लावावासा वाटणार नाही, याची तयारी ठेवा.

होल्ड्सवर्थने १९७५ साली टोनी विल्यम्सच्या 'बिलीव्ह इट' अल्बमवर गिटार वाजवली. टोनी विल्यम्स कोण? वयाच्या सतराव्या वर्षी माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेलेला ड्रमर. त्याच्या १९६९ च्या 'इमर्जन्सी!'वर गिटारला मॅक्लॉफ्लिन आहे. ध्वनिमुद्रण गढूळ आणि फाटलेलं. डेमो कॅसेटवर वाढलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही.

आणि असं करत करत आता माइल्स. 'काइंड ऑफ ब्लू' अजून राहू द्या. १९७१ चा 'अ ट्रिब्यूट टू जॅक जॉन्सन' लावा, पहिली बाजू, 'राइट ऑफ'. साधारण सत्तावीस मिनिटं. मॅक्लॉफ्लिन गिटारवर एक उद्धट रिफ वाजवायला लागतो, कोबहॅम त्याला धरतो, आणि दोन मिनिटं हे नुसतं रॉक बँडसारखं चालू राहतं. मग माइल्सची ट्रम्पेट आत येते. एव्हाना तुम्ही या ड्रमरला आणि या गिटारवाल्याला ओळखता. म्हणून अनोळखी माणूस एकच उरतो, आणि त्याचं ऐकायला कान मोकळे असतात. इथवर आल्यावर 'काइंड ऑफ ब्लू' ऐकाल तेव्हा तो जेवताना लावायचा वाटणार नाही.

श्रेयनामावली कुठे वाचायची? मेटलसाठी एन्सायक्लोपीडिया मेटॅलम, बाकी सगळ्यासाठी डिस्कॉग्ज. स्पॉटिफायवर ट्रॅकच्या तीन ठिपक्यांत श्रेय दिसतं, पण जुन्या अल्बमांचं बऱ्याचदा अर्धवट असतं. किंग क्रिमसन तिथे २०१९ पर्यंत नव्हताच, आता आहे. नवे, छोटे बँड बँडकॅम्पवर शोधा. एखादा आवडला तर तिथूनच विकत घ्या.

सहावी पायरी: आपल्या घरचं

मॅक्लॉफ्लिनचा माग पुढे काढलात तर तो थेट आपल्याकडे येतो. महाविष्णूनंतर त्याने 'शक्ती' हा बँड उभा केला, झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासोबत. इथे ड्रमसेट नाही, वीज नाही, तरी वेग मेटलवाल्याला लाजवेल असा. पुढच्या काळातल्या शक्तीत शंकर महादेवन गातात, ज्यांनी इंजिनिअरिंग आपल्या नेरूळच्या रामराव आदिक कॉलेजातून केलं. 'रिमेंबर शक्ती'चा २००१ साली आलेला 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' मुंबईतच ध्वनिमुद्रित झालाय. 'धिस मोमेंट'ला २०२४ साली ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

त्रिलोक गुर्टू हे नाव कमी मराठी घरांत माहीत असतं, आणि त्यांच्या आई मात्र सगळ्यांना माहीत असतात: शोभा गुर्टू. त्रिलोकच्या १९८८ च्या 'उस्फ्रेट' अल्बमवर शोभाताई गायल्यात. ठुमरीचा तो आवाज आणि खाली हे असले ठेके. आजीला आणि नातवाला एकत्र बसवता येईल असा या यादीतला हा बहुधा एकच अल्बम. मुंबईचेच रणजित बारोट, ड्रमर, त्यांचा २०१० चा 'बडा बूम'ही ऐका. आजच्या बँडांपैकी स्कायहार्बरचा २०१२ चा पहिला अल्बम आणि मुंबईच्या कोशिशचा हिंदीतला 'फिरदौस' (२०१३) यांत जॅझ कमी, प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक-मेटल) जास्त. पण विश्रांतीसाठी बरे.

एक जाता जाता. धोबी तलावच्या रंगभवनात १९७८ साली पहिली जॅझ यात्रा भरली आणि पुढे त्याच उघड्या मंचावर इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव होत राहिला. जॅझवाले आणि मेटलवाले यांना वेगळं मानायची सवय आपल्याला रंगभवन बंद पडल्यावर लागली असावी, असं मला वाटतं.

सातवी पायरी: प्रत्यक्ष ऐका

ठाणे-नवी मुंबईत यासाठी ठरलेली जागा नाही. गडकरीला नाटक, भावेला नाटक, डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले. म्हणजे मुंबई गाठणं आलं. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा, विशेषतः ३० एप्रिलच्या जॅझ दिनाच्या आसपास. शक्यतो ड्रमरच्या बाजूची सीट घ्या आणि सोलो चालू असताना टाळी पडली तर दचकू नका, तिथे गाणं संपायची वाट बघत नाहीत. काळा टीशर्ट चालतो. मोश पिट (मंचासमोरची धक्काबुक्की) चालत नाही.

नरिमन पॉइंटवरून सीएसएमटीला बस किंवा टॅक्सी, तिथून ठाण्याला मध्य रेल्वे, वाशी-बेलापूर-पनवेलला हार्बर. शेवटच्या गाडीची वेळ जायच्या आधी बघून ठेवा, कारण चांगल्या बँडला वन्स मोअर मिळतोच. कार्यक्रम रविवारी दुपारचा असेल तर शनिवारीच मेगाब्लॉकचं वेळापत्रक तपासा. हार्बरवर ब्लॉक असला तर नवी मुंबईकरांनी ट्रान्स हार्बरने आधी ठाणं गाठायचं, तिथून पुढे फास्ट पकडायची, आणि घरातून तासभर आधी निघायचं.